मुळांनी उचललेली वाट

फाटकापासून पायरीपर्यंतची वाट जेमतेम सात-आठ मीटर लांब असते. तिच्यातली एक फरशी एका कडेने दोन बोटे वर आली, तरी घरातली धडधाकट माणसे पाय थोडा उंच टाकून पुढे जातात आणि काही दिवसांत हे त्यांच्या अंगवळणी पडते. आजी-आजोबांच्या, पहाटेच्या अंधारात दूध टाकायला येणाऱ्याच्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या बाळाच्या मात्र ते अंगवळणी पडत नाही. चालताना मागचा पाय पुढे येतो, त्या क्षणी पावलाचे पुढचे टोक जमिनीपासून सरासरी एक ते दोन सेंटिमीटरच वर असते. वय वाढते तसे हे अंतर पावलागणिक कमीजास्त होऊ लागते. ठेच लागायला एक सेंटिमीटरचा उंचवटाही पुरतो, आणि उतारवयात खुब्याचे हाड मोडले की माणसाचे हिंडणे-फिरणे किती आकसते हे अनेक घरांनी अनुभवलेले असते. म्हणून ही दुरुस्ती पुढे ढकलू नये.

दुरुस्तीची रूढ रीत अशी: गवंडी बोलवायचा, फरशी उखडायची, दिसेल ते मूळ कुऱ्हाडीने तोडायचे आणि वर काँक्रीट ओतून जागा सपाट करायची. काम एका दिवसात उरकते आणि नेटकेही दिसते. पण तोडलेल्या टोकापासून नवी मुळे फुटतात, काही वर्षांत वाट पुन्हा उचलली जाते, आणि मधल्या काळात एखाद्या वळवाच्या वाऱ्यात झाडच आडवे होण्याचा धोका वाढून बसतो. वाढलेले झाड हलवता येत नाही, वाट हलवता येते. या प्रकरणाचा सारा भर या एका गोष्टीवर आहे. दुरुस्ती वाटेची करावी, आणि अशी करावी की पुढच्या वेळी तीच फरशी सहज उचलून पुन्हा बसवता येईल.

मूळ फरशीखालीच का जाते?

सोटमूळ सरळ खोल उतरलेले आणि बाकीची मुळे फांद्यांच्या घेराएवढी पसरलेली, असे झाडाचे चित्र शाळेपासून आपल्या डोक्यात बसले आहे. प्रत्यक्षात मोठ्या झालेल्या झाडांची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या ६० सेंटिमीटरांत असतात आणि आडवी पसरत फांद्यांच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत जातात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. त्यांच्या पेशी श्वसन करतात, त्यासाठी प्राणवायू हवा, आणि तो पुरेसा मिळतो तो मातीच्या वरच्या थरात. दख्खनच्या पठारावर तर अनेक ठिकाणी थोडे खणले की मुरूम किंवा कातळ लागतो, त्यामुळे खाली जायला वावही नसतो.

अंगणातली माती बांधकामाच्या वेळी ट्रक फिरून आणि नंतर माणसे चालून घट्ट झालेली असते. वाट करताना त्यावर मुरूम टाकून धुमसाने चोपतात. एवढ्या दाबलेल्या थरात मुळाचे कोवळे टोक शिरू शकत नाही. पण चोपलेला थर आणि फरशीचे पोट यांच्यामध्ये बारीक फट राहतेच. रात्री फरशी गार होते, खालच्या उबदार मातीतली वाफ तिला लागून थंडावते आणि तिचे पाणी होते. वरून ऊन लागत नसल्याने ही ओल लवकर उडतही नाही. ओल, हवा आणि मोकळी फट या तिन्ही गोष्टी मुळाला तिथे एकत्र मिळतात.

पहिल्यांदा शिरलेले मूळ सुतळीएवढे असते आणि त्याने काहीच बिघडत नाही. पुढे ते दरवर्षी खोडासारखेच जाड होत जाते. जाड होणाऱ्या मुळाचा दाब मोजला गेला आहे. तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाच किलोच्या आसपास, काही वेळा त्याहून जास्त भरतो. आता हिशेब करून पाहू. एक मीटर रुंदीची वाट, तिच्या पोटाला पाच सेंटिमीटर रुंदीने टेकलेले मूळ. टेकलेली जागा ५०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वर ढकलणारा जोर अडीच टनांपर्यंत जाऊ शकतो. त्याच्या वर काय असते? दोन फूट बाय दोन फूट शहाबादी फरशी २५ मिलिमीटर जाडीची असेल तर तिचे वजन २०-२५ किलो. दहा सेंटिमीटर जाड काँक्रीटचे वजन चौरस मीटरला सुमारे २४० किलो. या लढतीत काँक्रीट कधीच जिंकत नाही. ‘या वेळी जरा जाड कोबा टाकू’ या उपायाने एवढेच होते की पुढच्या खेपेला उचलला जाणारा तुकडा आणखी मोठा असतो.

फरशी उचलून अशा मुळाकडे जवळून पाहावे. ते गोल नसते. वरची बाजू दगडाला टेकून चपटी झालेली, पट्ट्यासारखी पसरलेली असते. साल तिथे गुळगुळीत असते आणि कधीकधी फरशीच्या खडबडीत पोटाचा किंवा सांध्यातल्या सिमेंटच्या ओघळाचा ठसा त्या सालीवर उमटलेला दिसतो. फरशीचे वजन मुळाने किती वर्षे अंगावर घेतले, हे त्या एका पृष्ठभागावर वाचता येते.

उचलणारे मूळच आहे का?

झाड जवळ आहे एवढ्यावरून दोष मुळाला देऊ नये. महाराष्ट्रात वाट वरखाली होण्याची आणखी तीन कारणे नेहमीची आहेत.

पहिले कारण काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. अशा मातीवर थेट बसवलेली वाट पावसाळ्यात वर येते आणि मे महिन्यात खाली बसते. ओळखायची रीत सोपी आहे. कुंपणभिंतीवर तेलरंगाने एक आडवी खूण करावी, पाण्याच्या नळीने तीच पातळी वाटेपर्यंत आणावी आणि उंचवट्याचे अंतर मेच्या शेवटी, सप्टेंबरच्या शेवटी आणि पुन्हा पुढच्या मेच्या शेवटी मोजून लिहून ठेवावे. वर जाऊन पुन्हा खाली येत असेल तर ती माती. फक्त वरच जात असेल तर ते मूळ. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची तांबडी माती असते, ती अशी फुगत नाही, त्यामुळे तिथे ही शंका बहुधा बाद होते.

दुसरे कारण घुशी. त्या फरशीखालची माती उकरून बाहेर टाकतात, एक फरशी खचते आणि शेजारची न हललेली फरशी वर आल्यासारखी दिसते. पहारेच्या बुडाने हलके ठोकून पाहिले तर पोकळी असलेल्या जागी आवाज बदबद येतो.

तिसरे कारण गळणारी नळी किंवा सांडपाण्याचा पाइप. एरवी कोरड्या दिवसांतही एकाच पट्ट्यात ओल, शेवाळ किंवा हिरवेगार गवत दिसले तर आधी प्लंबर बोलवावा. सांधा गळू लागला की मुळे तिथे जाऊन पाइपात शिरतात. गळती थांबवली नाही, तर वर कितीही चांगली फरशी बसवली तरी काम वाया जाते.

मुळाने केलेल्या उंचवट्याची स्वतःची खूण असते. तो लांबट, वरंब्यासारखा असतो, वाटेला आडवा किंवा तिरका जातो, आणि त्याची रेषा मनातल्या मनात पुढे वाढवली तर ती बुंध्याला जाऊन मिळते.

झाड कोणते, यावर बरेच ठरते

वड, पिंपळ, उंबर आणि नांदरूक यांची मुळे सर्वांत जोरदार. ती भिंतीच्या फटीतही वाढतात, मग फरशीचे काय! गुलमोहोर मूळचा मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेतला. दोघेही आपल्याकडे रस्तोरस्ती लावले गेले, दोघांची वाढ झपाट्याने होते आणि मुळे उथळ पसरतात. मोठ्या गुलमोहोराच्या बुंध्याशी मुळे फळ्यांसारखी उभी राहिलेली दिसतात. सोनमोहोर आणि काशिद यांच्याबाबतही वाटेजवळ सावध असावे.

नारळ आणि सुपारीची गोष्ट वेगळी आहे. ही एकदल झाडे. त्यांची मुळे जेवढ्या जाडीची निघतात साधारण तेवढ्याच जाडीची राहतात, वर्षानुवर्षे फुगत जात नाहीत. बुंध्याशी मुळांचा गठ्ठा वाढून लगतची एखादी फरशी हलू शकते, पण दोन मीटरांवरचा वरंबा नारळाचा नसतो. कोकणातल्या वाडीत नारळाला लागूनच पाखाडी जाते आणि दोघे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतात, त्याचे एक कारण हे आहे.

आंबा आणि चिकू यांची मुळे खोल, भुसभुशीत जमिनीत फारसा त्रास देत नाहीत. उथळ जमिनीत मात्र तीही वर येतात. जातीइतकेच जमिनीनेही ठरते.

कुऱ्हाड उचलण्याआधी

मुळे पाणी आणि अन्नद्रव्ये शोषतात, अन्न साठवतात आणि झाडाला उभे धरतात. शोषण्याचे काम टोकांकडची केसासारखी मुळे करतात. धरून ठेवण्याचे काम बुंध्यालगतची जाड मुळे करतात. वाट उचलतात ती बहुधा हीच जाड मुळे. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळे ताणली जाऊन झाडाला मागे खेचून धरतात. महाराष्ट्रात पावसाळी वारे मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतात, त्या वेळी जमीनही भिजून मऊ झालेली असते. म्हणून बुंध्याच्या पश्चिमेकडचे जाड मूळ तोडणे विशेष धोक्याचे. रस्त्याकडेला केबलसाठी चर खणला आणि पुढच्याच पावसाळ्यात झाड कोसळले, असे शहरांत घडते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

झाडांच्या जाणकारांनी यासाठी एक हिशेब घालून दिला आहे. छातीच्या उंचीवर दोरीने खोडाचा घेर मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागावे, म्हणजे व्यास मिळतो. समजा घेर १४१ सेंटिमीटर भरला, तर व्यास ४५. व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे इथे १३५ सेंटिमीटरांच्या आत, कोणतेही जाड मूळ तोडू नये. पाचपटीपर्यंत, म्हणजे सव्वादोन मीटरपर्यंत, जाणकाराच्या सल्ल्याशिवाय हात लावू नये. त्यापलीकडेही अंगठ्याहून बारीक, म्हणजे अडीच सेंटिमीटरांपर्यंतचे मूळ कापले तर चालते. पाच सेंटिमीटरांहून जाड असेल तर ते राखावे. एकाच वेळी झाडाच्या दोन बाजूंची मुळे कधीच कापू नयेत.

कायदाही इथे लागू होतो. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. खासगी बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या आवारातली झाडेही त्याच्या कक्षेत येतात. झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला इजा करणेही धरले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले गेले. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. जाड मूळ कापायची वेळ आली तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आधी लेखी अर्ज करावा. त्यांचा माणूस येऊन पाहून गेला तर घरमालकाला एक जाणता सल्लाही मिळतो.

मुळावर ॲसिड, रॉकेल किंवा मिठाचे पाणी ओतण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. तो कधीच मानू नये. त्याने मातीच बिघडते, आणि मूळ मेले तरी ते कुजून पोकळी होते व वाट पुढे खचते.

पाच मार्ग

उंचवटा एक-दीड सेंटिमीटरचा असेल तर फरशीची वर आलेली कड टाकीने घडवून किंवा ग्राइंडरने उतरती करावी. यात मुळाला स्पर्शही होत नाही. दोन-तीन वर्षांची सोय होते, तेवढ्यात पुढचे ठरवता येते. सिमेंटचा पाचर-उतार लिंपण्याची पद्धत मात्र टाळावी; त्याची पातळ कड काही महिन्यांत सुटते आणि सुटे तुकडे पायाखाली येतात.

जागा असेल तर वाट वळवणे हा सर्वांत चांगला मार्ग. सरळ रेषेचा हट्ट सोडून बुंध्यापासून मीटर-दीड मीटर लांबून वळण घेतले, तर काम एकदाच करावे लागते आणि झाडाला मोकळी माती मिळते.

जागा नसेल तर वाट उचलायची: फरशा काढायच्या, मुळावरून खडीचा थर द्यायचा आणि दोन्ही बाजूंना लांब उतार देऊन फरशा पुन्हा बसवायच्या. बहुतेक घरांत हाच मार्ग पडतो, म्हणून त्याची कृती पुढे सविस्तर दिली आहे.

मूळ फारच वर आले असेल तर छोटा पूल करता येतो. मुळाच्या दोन्ही बाजूंना, त्यापासून हातभर लांब, दगडाचे किंवा विटांचे आधार उभारायचे आणि त्यावर सळई घातलेली काँक्रीटची लादी किंवा लोखंडी जाळी टेकवायची. लादीच्या पोटाखाली पाच-सात सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी, म्हणजे मुळाला पुढची काही वर्षे जाड व्हायला वाव राहतो. आधारासाठी खणताना दुसरे जाड मूळ लागले तर आधार सरकवावा.

मूळ कापणे हा शेवटचा मार्ग, आणि तोही वर दिलेल्या अंतराच्या हिशेबात बसला तरच.

प्रत्यक्ष काम

हंगाम निवडावा तो पावसाळा सरल्यानंतरचा, ऑक्टोबर ते जानेवारी. माती ओलसर आणि खणायला मऊ असते, झाडाला पाण्याचा ताण नसतो. एप्रिल-मेमध्ये उघडी पडलेली मुळे तासाभरात सुकतात, आणि ऐन पावसात वाऱ्याचा धोका असतो.

फरशांवर खडूने क्रमांक घालून त्यांचा एक फोटो काढून ठेवावा. सैल झालेल्या टोकाकडून सुरुवात करावी. पहारेचे टोक सांध्यात घालून, खाली लाकडी ठोकळा टेकवून फरशी हळू उचलावी. ठोकळा नसेल तर शहाबादीची कड ढपलते. सिमेंटमध्ये बसवलेल्या फरशा सगळ्या धड निघत नाहीत, म्हणून चार-पाच जादा आणून ठेवाव्यात. पेव्हर ब्लॉकची वाट असेल तर काम आणखी सोपे. पहिला ब्लॉक निघाला की बाकीचे हाताने निघतात.

मुळाभोवतीची माती काढायला टिकाव, कुदळ किंवा ब्रेकर वापरू नये. खुरपी, जाड ब्रश आणि पाण्याची नळी पुरते. साल खरवडली गेली तर तिथून बुरशी शिरते. मूळ उघडे पडले की त्यावर ओले गोणपाट टाकावे आणि ते दिवसभर ओले ठेवावे. शक्यतो त्याच दिवशी मूळ पुन्हा झाकले जाईल एवढाच भाग एका वेळी उघडावा.

आता उंचीचा हिशेब. समजा, मूळ आणि त्यावरचा थर मिळून वाट आधीच्या पातळीपेक्षा १२ सेंटिमीटर वर जाणार आहे. चाकाच्या खुर्चीला चालणारा उतार जास्तीत जास्त बारास एक, म्हणजे दोन्ही बाजूंना १४४ सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. घरात वयस्क माणसे असतील आणि जागा असेल, तर विसास एक द्यावा. त्याला प्रत्येक बाजूला २४० सेंटिमीटर लागतील, पण चालताना चढ जाणवणारही नाही. गवंडी सांगेल की दोनच फरशा उंच करून भागेल. तिथे ठाम राहावे. दोन फरशांत दिलेला चढ म्हणजे नवी ठेच.

थर असे द्यावेत. मुळाच्या अंगावर आणि दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जाड वाळू. त्यावर २० ते ४० मिलिमीटरची स्वच्छ खडी, शक्य तिथे दहा सेंटिमीटर. ऐन मुळावर ती कमी असली तरी चालेल. खडीत मुरूम किंवा डस्ट मिसळू देऊ नये. खडीच्या मोकळ्या पोकळ्यांत पाणी थांबत नाही, ओल टिकत नाही, त्यामुळे नवी मुळे फरशीच्या पोटाला न लागता खडीखालच्या मातीतून जाणे पसंत करतात. जुन्या वाटेत फरशीखाली मुळाला जे मिळत होते, ते इथे मिळत नाही, आणि या सगळ्या कामाचे मर्म त्यातच आहे. खडीवर पाणी जाऊ देणारे जिओटेक्सटाइल कापड अंथरावे आणि त्यावर तीन-चार सेंटिमीटर सहा मिलिमीटरचा कच. कच लाकडी पट्टीने ओढून पातळीत घ्यावा. मुळाजवळ यंत्राने धुमस करू नये. हाताच्या धुमसाने हलके ठोकून थर बसवावा.

फरशा क्रमांकाप्रमाणे कचावर बसवाव्यात, रबरी हातोडीने ठोकाव्यात आणि सांध्यांतही कचच भरावा. सिमेंटचा हात कुठेही नको. कोरडे सांधे असतील तर पावसाचे पाणी मातीत मुरते आणि पुढच्या वेळी फरशी पहारेच्या एका हिसक्याने निघते. वाटेला झाडाच्या बाजूने आडवा उतार द्यावा, साठ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर एवढा, म्हणजे पाणी साचणार नाही आणि ते झाडालाच मिळेल. सुट्या बैठकीवरच्या फरशा कडेने सरकू नयेत म्हणून किनारीला उभ्या विटा किंवा लोखंडी पट्टी लावावी. मूळ जिथून जाते तिथे किनारीसाठी चर न खणता पट्टी दोन खुंट्यांवर अडकवावी.

शेवटी बुंध्याभोवती निदान एक मीटर माती पूर्ण उघडी ठेवावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरच्या आतले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेच अंतर घरीही किमान मानावे. या मोकळ्या मातीत पालापाचोळा पसरावा, पण तो खोडाला टेकवू नये. काही जण या जागी माती भरून पार बांधतात. वड-पिंपळाला पार सोसतो, कारण त्यांच्या खोडालाही मुळे फुटतात. गुलमोहोराच्या खोडाशी माती चढवली तर साल कुजते.

कापावेच लागले तर

परवानगी हातात आहे, अंतराचा हिशेब बसतो आणि दुसरा मार्ग नाही, अशा वेळी मूळ धारदार करवतीने एका रेषेत, काटकोनात कापावे. कुऱ्हाडीने आणि जेसीबीने मूळ फाटते, आणि फाट बुंध्याकडे कित्येक सेंटिमीटर आत जाते. कापलेल्या तोंडाला डांबर किंवा तेलरंग लावायची गरज नाही. अमेरिकी वन खात्यातले संशोधक ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाड जखम भरून काढत नाही, जखमेच्या आत एक संरक्षक भिंत घालून कुजण्याला तिथेच अडवते. लेपाने या कामाला मदत होत नाही. तोंड मातीने झाकून पाणी द्यावे.

पुढचे दोन उन्हाळे झाडाला दर आठवड्याला सावकाश, खोल पाणी द्यावे आणि ते वाटेच्या विरुद्ध बाजूला द्यावे. मुळे ओल आणि हवा असेल तिथे दाट होतात, तेव्हा त्यांना त्या बाजूला चांगली जागा करून द्यावी. शेंड्याची पाने विरळ होणे, बुंध्याशी टोपीसारखी कडक बुरशी उगवणे, खोड कलणे किंवा कलाच्या विरुद्ध बाजूला जमिनीला भेग पडणे, यांतले काहीही दिसले तर उद्यान विभागाला लगेच कळवावे. मूळ कापल्याचा परिणाम दिसायला काही वर्षेही लागू शकतात, म्हणून नजर ठेवणे एका वर्षात थांबवू नये.

जी वाट अजून व्हायची आहे

जगभरातल्या शहरांनी हा धडा महागात घेतला आहे. लॉस एंजेलिसमध्ये चालायला अडचण असलेल्या नागरिकांनी उखडलेल्या पदपथांबद्दल शहरावर दावा लावला. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार शहराने ३० वर्षांत दुरुस्तीवर सुमारे १.४ अब्ज डॉलर खर्च करण्याचे मान्य केले. कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक मिश्रण तयार केले: साधारण ८० टक्के खडी आणि २० टक्के माती. खडी खडीला टेकून वरचा भार पेलते आणि मधल्या पोकळ्यांत मुळांना माती व हवा मिळते. स्टॉकहोममध्ये मोठ्या दगडांचा थर देऊन पोकळ्यांत पाण्याने माती उतरवतात. या सगळ्यांमागची समज एकच: मुळांना वाटेखाली नीट जागा दिली तर ती वाट उचलत नाहीत.

घरासाठी याचा अर्थ सोपा आहे. नवी वाट कोब्यावर न करता खडी आणि कचावर करावी. वड, पिंपळ, उंबर लहान अंगणात लावूच नयेत. गुलमोहोरासारखे मोठे होणारे झाड वाटेपासून चार-पाच मीटर लांब असावे. वाटेलगत सावली आणि फुले हवीत तर पारिजातक, तगर, कामिनी किंवा कण्हेर लावावी. मूळ-अडसर म्हणून मिळणारे प्लास्टिकचे जाड पत्रे झाड लावतानाच, ४५ ते ६० सेंटिमीटर खोल उभे पुरले तर उपयोगी पडतात. मुळे खाली वळतात आणि पलीकडे निघाली तरी खोलवर निघतात. खालची जमीन कातळाची असेल तर ती पुन्हा वर येतात, तेव्हा तिथे त्यावर पैसे घालवू नयेत.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या साफसफाईत वाटेवर एक सरळ पट्टी ठेवून पाहावी. पट्टीखाली बोट शिरले की ती फरशी आणि शेजारच्या दोन-चार उचलून कच सारखा करून घ्यावा. कोरड्या सांध्यांची वाट असेल तर हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, त्याला सिमेंटचे पोतेही लागत नाही. गवंड्याला कामाआधी तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: मूळ विचारल्याशिवाय कापायचे नाही, सांध्यात सिमेंट भरायचे नाही, आणि उतार लांब द्यायचा. या तीन गोष्टी पाळल्या गेल्या तर सावली आणि वाट यांपैकी एकच निवडायची वेळ त्या घरावर येणार नाही.